पट्ट्याखाली दोन बोटं

कोपर कुठे आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हे तुम्ही सगळ्यांनी अनुभवलंय. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खोबणीतून अल्नर नावाची नस जाते, अगदी कातडीखालून. तिला धक्का बसला की आपण हात झटकतो, चोळतो. आता हाच हात भूल दिलेल्या पेशंटचा आहे असं समजा. कोपर आर्मबोर्डच्या, म्हणजे ऑपरेशन टेबलाला जोडलेल्या हात ठेवायच्या फळीच्या, कडेवर आलंय, वरून पट्टा आवळलाय आणि ऑपरेशन चार तास चालणार आहे. तो हात झटकणार नाही. ‘सिस्टर, दुखतंय’ असंही म्हणणार नाही.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत पोटाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी एका बाईंनी मला विचारलं होतं, “ऑपरेशन पोटाचं झालं ना, मग माझी करंगळी का बधिर आहे?” तो हात मीच बांधला होता. पुढे काही आठवड्यांनी त्यांची बोटं सुधारली. सगळी काळजी घेऊनही कधीकधी नसेला इजा होते, हे मला नंतर कळलं. पण त्या दिवशी कोपराखाली गादी ठेवल्याचं मला आठवेना, आणि ते अजून मला सलतं.

म्हणून पट्टा आवळायचा नाही, बसवायचा. पेशंट टेबलावरून घसरू नये, हात खाली लोंबकळू नये, एवढंच त्याचं काम. खाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. पट्टा रुंद हवा. गॉझची पट्टी वळून बांधलीत तर तिची दोरी होते आणि ती कातडीत रुतते. मांडीचा पट्टा गुडघ्यावर नको, गुडघ्याच्या साधारण ५ सेंटीमीटर वर, आणि मध्ये चादर किंवा पॅड. हात बाजूला पसरलेला असेल तर अंगापासून ९० अंशांच्या आत आणि तळवा वर. त्यापलीकडे ताणला की काखेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा गठ्ठा ओढला जातो.

लिथोटॉमीत, म्हणजे पेशंट उताणा आणि पाय आधारांवर वर घेऊन फाकवलेले असतात तेव्हा, मला जास्त धास्ती वाटते. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला हाडाच्या टोकाला वळसा घालून एक नस जाते. पायाचा आधार तिथे दाबला गेला तर पेशंटला पाऊल वर उचलता येत नाही. दोन्ही पाय दोघांनी मिळून एकाच वेळी वर घ्यायचे. खाली आणतानाही तसंच, पण सावकाश, कारण रक्त पायांकडे उतरतं आणि बीपी पडू शकतं. आणि टेबलाचा खाली केलेला पायाकडचा भाग वर घेण्याआधी पेशंटची बोटं कुठे आहेत ते डोळ्यांनी बघा. हात अंगालगत ठेवलेले असतील तर बोटं नेमकी टेबलाच्या त्या सांध्यात अडकतात आणि चिरडतात.

सगळं नीट बांधलं, ड्रेप (पेशंटवर घालायच्या निर्जंतुक चादरी) पडले, की आपण निर्धास्त होतो. मग सर्जन टेबलाची डोक्याकडची बाजू खाली करायला सांगतात. पट्टा जागेवरच राहतो, पण पेशंट डोक्याच्या दिशेला सरकतो. हाताचा कोन बदलतो, कोपर गादीवरून उतरतं. टेबल हललं की ड्रेपखाली हात घालून पुन्हा तपासा. कुणी पेशंटच्या हातावर रेललं असेल तर तिथल्या तिथे सांगा, मग ते कितीही सीनियर असोत.

शेवटी, पट्टे सोडायची घाई नको. भूल उतरताना पेशंट अचानक उसळतो, कुशीवर वळू बघतो. ट्रॉली टेबलाला लागू द्या, चाकांचे ब्रेक लावा, दोन्ही बाजूंना माणसं उभी राहू द्या आणि मगच बक्कल काढा.