पाणी कुणाच्या अखत्यारीत?

भिंतीवरची ही रेघ बघा. पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका शाळेची ही भिंत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी इथपर्यंत चढलं होतं. त्यानंतर भिंतीला रंग लागला, पण रेघ तेवढी मुद्दाम राखली.

नववीचा राज्यशास्त्राचा तास. पुस्तकं दप्तरातच आहेत. बाईंनी खिडक्यांना जुन्या चादरी लावल्यात, प्रोजेक्टर दोन बाकांवर चढवलाय. गावकऱ्यांनी त्या पुरात मोबाइलवर जे टिपलं, ते जोडून बाईंनी सात मिनिटांचा माहितीपट केलाय.

आधी आवाज बंद. मुलांनी नुसतं बघायचं आणि दिसलं तेवढंच वहीत उतरवायचं. गोठ्यात गळ्याइतक्या पाण्यात उभी म्हैस. कौलांवर बसलेली माणसं. सांगलीच्या आयर्विन पुलावरची पाण्याची उंची मोजायची पट्टी: इशारा ४० फुटांना, धोका ४५ ला, आणि पाणी ५७ च्याही वर.

मग तीच फिल्म आवाजासकट. निवेदनात एक वाक्य येतं, “हा निसर्गाचा कोप होता.” बाई तिथं चित्र थांबवतात. वाक्य त्यांनीच मुद्दाम घातलंय.

“हे तुम्ही पाहिलंत, की तुम्हाला सांगितलं गेलं?”

या तासातला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा क्षण. पोरांच्या बोटाखालून दिवसभर व्हिडिओ सरकत असतात, पण थांबवून असं विचारणारं जवळ कुणी नसतं. माहितीपट लावून दिला आणि तास संपला, तर त्याचीही करमणूकच होते.

आता बाकाबाकावर चिठ्ठ्या. कोयनेचे दरवाजे किती उचलायचे, हे कोण ठरवतं? पंचनामा कुणी करायचा? बोटी कुणी पाठवायच्या? या शेवटच्या चिठ्ठीला वर्ग गप्प होतो. त्या पुरात ८ ऑगस्टला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटून माणसं बुडाली, ते ब्रह्मनाळ गाव याच तालुक्यातलं.

सगळ्या चिठ्ठ्यांना मुलांचं पहिलं उत्तर एकच: “सरकार.” बाई तो शब्द फळ्यावर लिहितात आणि त्याखाली फोड करत जातात. धरण जलसंपदा विभागाकडे. आपत्तीचं नियोजन २००५ च्या कायद्यानं जिल्हा प्राधिकरणाकडे, अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक. कृष्णेवरचंच पुढचं अलमट्टी धरण कर्नाटकात, म्हणजे त्याच्या पाण्याचं भांडण दोन राज्यांचं. पाणी राज्यसूचीत, आंतरराज्य नद्यांचं नियमन संघसूचीत, हे मार्कांसाठी घोकलेलं वाक्य आज मुलं स्वतःहून म्हणतात.

शेवटी जमिनीवर गावाचा नकाशा पसरतात. त्यावर दोन रेषा. निळी, साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत, नदीच्या अंगाला, बांधकामाला मनाई. निळी आणि लालच्या मध्ये निर्बंध.

एक मुलगी देवळापासून बोट फिरवत येते आणि थांबते.

“बाई, आमचं घर निळ्याच्या आत आहे.”

“मग ते हलवायला पाहिजे,” मागून एक जण.

“का हलवायचं? घर पणजोबांनी बांधलंय. रेषा नंतर आली.”

बाई निकाल देत नाहीत. फळ्याच्या दोन बाजूंना दोन्ही म्हणणी लिहितात आणि विचारतात, दोघांनाही आणखी कुठली माहिती लागेल? हात वर होतात. रेषा कधी आखली? आखताना गावाला विचारलं होतं का? हलायचं म्हटलं तर जागा कुठं मिळणार? रेषेनंतर आत नवी घरं झाली का, आणि झाली तर परवाने कुणाच्या सहीचे? ही सगळी कागदपत्रं माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागता येतात, एवढंच बाई सांगतात.

घंटा होते. मुलगी नकाशाजवळच बसून आहे.

“बाई, हे ग्रामसभेत विचारता येतं?”

“येतं की. पण ग्रामसभा मतदारांची.”

“मला अजून चौदाच आहेत.”

मग तीच म्हणते, “आई मतदार आहे,” आणि वहीचं मधलं पान फाडून प्रश्न मोठ्या अक्षरात लिहायला घेते. आईला चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून.