मसुदा लिहिण्याआधी विचारा

(दृश्य: पुणे, दांडेकर पूल, बसथांबा. रविवार, सकाळ.)

सव्वाआठ वाजलेत. बारा तासांची रात्रपाळी संपवून या मावशी निघाल्या आहेत. पिशवीत रिकामा डबा आणि घडी केलेला ॲप्रन. रोज त्या इथून घरी जातात. आज सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये चालल्या आहेत. तिथे त्यांना विचारलं जाणार आहे की म्हातारी, अपंग, अंथरुणाला खिळलेली माणसं सांभाळणारी सार्वजनिक सेवा देशात उभी राहायची असेल, तर ती कशी असावी?

(दृश्य: शाळेचं दार, पायऱ्यांवर प्लायवूडचा उतार.)

हा उतार आज पहाटे बसवला. व्हीलचेअर आत येणार नसेल, तर बैठक घेऊन उपयोग काय? वेळही विचार करून ठरवली आहे. घरोघरी माणसं सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्यूरोच्या बायकांची पाळी आठला बदलते, म्हणून सुरुवात नऊला. ज्यांची दिवसपाळी बुडते, त्यांना त्या दिवसाची मजुरी दिली आहे. हे आवर्जून सांगतोय, कारण ‘लोकांना बोलावलं होतं, पण कोणी आलंच नाही’ असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं.

(दृश्य: गोलात मांडलेल्या खुर्च्या. भिंतीवर कागदाच्या पट्ट्या.)

स्टेज रिकामं आहे. माइक हातोहात फिरतोय. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचं बोलणं कार्यकर्ते जसंच्या तसं पट्टीवर उतरवतायत. भाषा सुधारायची नाही, असा इथे दंडक आहे. पट्ट्या वाचा.

‘दर महिन्याला नवी बाई नको.’

‘रात्री दोनला कूस बदलायला दुसरं माणूस लागतं. माझी कंबर गेली.’

‘ब्यूरो घरच्यांकडून किती घेतं आणि माझ्या हातात किती येतं, ते दोघांनाही कळू दे.’

‘डायपर बदलताना दार लावून घ्या.’ ही पट्टी या आजोबांची आहे.

(दृश्य: आजोबा. आवाज नाही.)

(दृश्य: दोन बायकांमधली चर्चा.)

या काकूंच्या सासूबाईंना पार्किन्सन्स आहे. त्यांचं म्हणणं, चोवीस तासांची बाई हवी, बारा-बारा तासांच्या दोघी परवडत नाहीत. समोरच्या ताई स्वतः चोवीस तासांचं काम करतात. त्या विचारतात, ‘मग मी झोपायचं कधी?’ बराच वेळ हे चाललं. कोणीही त्यांना आवरलं नाही. शेवटी दोघींचं म्हणणं एकाच पट्टीवर, एकाखाली एक लिहिलं गेलं. आमच्या मते आजच्या दिवसातली ही सर्वात मोलाची पट्टी. एकीला पैसे पुरत नाहीत, दुसरीला झोप. सेवा आखणाऱ्याला या दोघींना एकत्र बसवूनच हा हिशोब करावा लागेल.

(दृश्य: भिंतीवर प्रोजेक्टर, व्हिडिओ कॉल.)

पडद्यावर दिसतायत त्या मूळच्या पुण्याच्या. आता स्कॉटलंडमध्ये केअर होममध्ये काम करतात. तिथे काय घडलं, ते त्या मराठीतून सांगतायत.

स्कॉटलंडची लोकसंख्या साधारण ५५ लाख, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून कमी. तिथे वयाच्या पासष्टीनंतर अंघोळ, कपडे, जेवण भरवणं अशी वैयक्तिक काळजी २००२ पासून मोफत आहे. तरी तक्रारी होत्याच. ३२ स्थानिक कौन्सिलं, आणि माणूस कुठे राहतो त्यावर त्याला काय मिळणार ते ठरायचं. कोविडनं तर सगळंच उघडं पाडलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये डेरेक फीली यांच्या समितीनं अहवाल दिला आणि ‘नॅशनल केअर सर्व्हिस’, म्हणजे काळजी घेणारी राष्ट्रीय सेवा, उभारावी असं सुचवलं. त्याच वर्षी ऑगस्ट ते नोव्हेंबर सरकारनं लोकांकडून मतं मागवली. सुमारे १३०० उत्तरं आली. जून २०२२ मध्ये विधेयक मांडलं गेलं, पण त्यात चौकट तेवढी होती. आतला तपशील लोकांसोबत बसून ठरवायचा होता. ‘को-डिझाइन’ म्हणतात याला.

त्यासाठी ज्यांनी सेवा घेतली आहे, दिली आहे किंवा घरच्या माणसाला वर्षानुवर्षं सांभाळलं आहे, अशांचं एक पॅनेल तयार केलं. २०२३ मध्ये देशभर बैठका झाल्या. विषय पाच होते: एकच माहिती दहा ठिकाणी पुन्हा सांगावी लागू नये, हक्कांची सनद असावी, आधार घराजवळच मिळावा, तक्रार ऐकली जावी, आणि काम करणाऱ्यांची कदर व्हावी.

हे ऐकताना हॉलमधल्या माना बघा. पाचही विषय आपल्या पट्ट्यांवर आहेत.

पुढे कौन्सिलं आणि कामगार संघटनांनी पाठिंबा काढून घेतला, जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय सेवेचा भाग सरकारनं वगळला आणि उरलेलं विधेयक जूनमध्ये मंजूर झालं. केअर होममधल्या माणसाला आपल्या माणसांना भेटण्याचा हक्क त्यात आहे, आणि घरी सांभाळणाऱ्यांना विश्रांतीचाही. दोन्ही मागण्या सोसलेल्या माणसांकडून आलेल्या.

(दृश्य: चहाची सुट्टी. मागे पेठेतला रस्ता.)

आपल्याकडे २००७ चा कायदा आई-वडिलांना सांभाळण्याची जबाबदारी मुलांवर टाकतो. ज्यांच्या मुलांनीच आता साठी गाठली आहे, त्यांनी काय करायचं? राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा महिन्याला ऐंशीच्या आत २०० रुपये आणि पुढे ५०० रुपये. राज्य त्यात भर घालतं, पण त्या पैशांत बाई ठेवता येत नाही. लोकांना विचारायचं म्हणाल, तर केंद्राचं २०१४ पासूनचं धोरण आहे: कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. धोरण चांगलंच आहे. पण तोवर मसुदा लिहून झालेला असतो.

पुण्याला विचारण्याची सवय मात्र आहे. महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिक २००६ पासून कामं सुचवतात. फुटपाथ, दिवे, बागेतले बाक. त्या बाकापर्यंत आजींना नेणार कोण, हे कामही त्याच अर्जावर का लिहिता येऊ नये?

(दृश्य: पट्ट्या काढून टेबलावर लावणं.)

या पट्ट्यांवरून मागण्यांचं निवेदन तयार होईल. पण पाठवण्याआधी ते इथे बोललेल्या प्रत्येकाला मोठ्यानं वाचून दाखवलं जाणार आहे. ‘हो, हेच बोललो होतो’ असं त्यांनी म्हटल्याशिवाय ते कोणत्याही कार्यालयात जाणार नाही.

(दृश्य: मावशी आणि कार्यकर्ते, हातात कॅलेंडर.)

ते वाचन जनता वसाहतीत, मावशींच्या वस्तीतच व्हावं, हा त्यांचा आग्रह होता आणि तो मान्य झाला. वेळही त्यांनीच ठरवली आहे: दुपारी चार. घरचं आवरून, रात्रपाळीला निघण्याआधी.