शेजारच्या ढिगाचा भाव

(नागपुरात विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नोव्हेंबरात पहाटे कधी कळमन्याच्या बाजारात गेला आहात? आंबिया बहाराचा संत्रा आलेला असतो. काटोलहून रात्री गाडी भरून निघालेल्या शेतकऱ्याचा माल वाटेत काही बदलत नाही. पण भाव बदलतो. त्या दिवशी आवक किती झाली यावर बदलतो, आणि शेजारी कुणाचा ढीग ओतला गेला यावरही बदलतो. प्रवेशाच्या मुलाखतीत दुसऱ्याचे मार्क तुमचं काय करतात, हे मला याच दोन शब्दांत सांगता येतं: आवक आणि शेजार. आपली मुलं रात्र रात्र जागतात ती आवकेच्या धाकानं. शेजाराबद्दल त्यांना कुणी सांगतच नाही.

त्याआधी समोर मांडीवर लहान मुलं घेऊन बसलेल्या आईबाबांसाठी एक गोष्ट. पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा तुमची मुलाखत घेणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार चालत नाही. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. 'सहज गप्पा मारायला या' असं म्हणून बोलावतात ना, त्या गप्पांनाही हेच लागू होतं. तेव्हा त्या पोराला रंगांची इंग्रजी नावं पाठ करायला लावू नका. आता मोठ्यांकडे वळू.

आवक म्हणजे पर्सेंटाइल, म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरातले किती जण तुमच्या मागे आहेत. हा आकडा तुमचा नसतोच मुळी, तो तुमच्या मागे उभ्या असलेल्या गर्दीचा असतो. एक लाख मुलं परीक्षेला बसली आणि तुम्हाला ९९ पर्सेंटाइल मिळाले, तर तुमच्या पुढे साधारण हजार जण आहेत. तुम्ही गेल्या वर्षीइतकीच उत्तरं बरोबर लिहिलीत आणि यंदा बाकीच्यांनी जास्त लिहिली, तर तुम्ही खाली गेलात. हे क्रूर आहे, पण यात तुमच्या हातात काही नाही. मिहानमधल्या आपल्या आयआयएमचं मुलाखतीचं बोलावणं येतं की नाही, हे या गर्दीवर बरंचसं ठरतं. आणि एकदा बोलावणं आलं की या गर्दीचं काम बहुतेक संपतं.

बहुतेक का म्हणतो ते बघा. समजा एका संस्थेत लेखीला ७० गुण आणि मुलाखतीला ३०. पालक मला म्हणतात, सर, मुलाखत तर तीसचीच आहे, खरा खेळ लेखीचा. पण चाळणीतून कोण आलं? सगळे चांगलेच. त्यांचे लेखीचे गुण ५८ ते ६२ मध्ये अडकलेले. मुलाखतीत मात्र कुणाला १२, कुणाला २४. म्हणजे लेखीतला फरक चारचा आणि मुलाखतीतला बाराचा. ६२ वाल्याला मुलाखतीत १४ मिळाले, बेरीज ७६. ५८ वाल्याला २० मिळाले, बेरीज ७८. कागदावर तीस असलेली मुलाखत प्रत्यक्षात लेखीपेक्षा तिप्पट ओढते. ज्याच्या गुणांत फरकच नाही, त्याचं वजन कितीही लिहा, ते काटा हलवत नाही.

न्यायालयालाही ही गोष्ट टोचली होती. आपलं व्हीएनआयटी पूर्वी रीजनल इंजिनिअरिंग कॉलेज होतं, तसंच एक श्रीनगरला होतं. तिथे लेखीला १०० गुण आणि तोंडीला ५०. लेखीत मागे असलेले काही जण तोंडीच्या जोरावर आत गेले आणि पुढचे बाहेर राहिले. तक्रार अशी होती की मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि त्यात विचारलं काय, तर वडील कोण, राहता कुठे. अजय हासिया खटला म्हणून तो ओळखला जातो. निकाल नोव्हेंबर १९८० चा, लिहिला न्यायमूर्ती भगवतींनी. तोंडीला एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून जास्त वजन देणं मनमानी ठरेल, असं न्यायालय म्हणालं. मुलाखती टेप कराव्यात, अशी सूचनाही केली. टेप केलेल्या मुलाखती मी तरी आयुष्यात पाहिल्या नाहीत.

आता शेजार. इथे मी स्वतःचं सांगतो, कारण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी बरीच वर्षं बसलो आहे. संस्थेचं नाव सोडा. एका सकाळी ओळीनं तीन मुली आल्या, तिघीही तल्लख. एकीनं तर आमच्याच प्रश्नातली चूक दाखवली. चौथा मुलगा आला, यवतमाळकडचा. व्यवस्थित बोलला, विचार करून बोलला. मी त्याला १५ दिले. दुपारी जेवणानंतर अगदी सुमार मुलं आली, आणि त्यांच्यातल्या एका बऱ्या मुलाला मी १९ देऊन बसलो. संध्याकाळी टिपणं चाळताना लक्षात आलं, हा मुलगा सकाळच्या त्या मुलापेक्षा कुठेही सरस नव्हता. दोन मुलांत फरक नव्हता, माझी फूटपट्टी बदलली होती.

माझं एकट्याचंच असं होतं, असा दिलासा मला काही दिवस होता. २०१३ साली उरी सायमनसन आणि फ्रान्सेस्का जीनो यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एमबीए प्रवेशाच्या दहा वर्षांतल्या नऊ हजारांहून जास्त मुलाखती त्यांनी तपासल्या. मुलाखत घेणाऱ्यानं त्या दिवशी आधीच काहींना भरघोस गुण दिले असतील, तर पुढच्याच्या बाबतीत त्याचा हात आखडतो. त्याला वाटतं, एका दिवसात इतके चांगले कसे निघतील? जणू रोजच्या ढिगात गोड-आंबट ठरलेल्या प्रमाणातच असायला हवेत.

दुसरी गोष्ट अर्जाची. आमच्यासमोर प्रत्येकाचे मार्क छापलेले असायचे. ९२ टक्केवाला गप्प बसला की आम्ही म्हणायचो, विचार करतोय. ६३ वाला तितकाच वेळ गप्प बसला की, येत नाहीये. मौन एकच, भाव दोन! पुढे आम्ही अर्ज पालथे ठेवायला लागलो, आधी मुलाखत, मग मार्क. पहिल्याच दिवशी एका सहकाऱ्यानं हळूच कोपरा उचलून पाहिलाच. दोष त्याला काय द्यायचा, मलाही मोह होत होता.

(एका पालकानं विचारलं: मग सगळीकडे असंच असतं का?)

नाही. एनडीएचं, म्हणजे सैन्यदलांच्या प्रबोधिनीच्या प्रवेशाचं बघा. लेखीला ९०० आणि एसएसबीला, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या मुलाखतीलाही ९००. पण भोपाळच्या एसएसबी केंद्रात तुमच्या मुलासोबत दहा जणांचा गट असेल, तर दहाही निवडले जाऊ शकतात आणि एकही नाही असंही होतं. तिथे मोजमाप ठरलेल्या कसोटीशी असतं, शेजाऱ्याशी नव्हे. गटात दुसऱ्याला ढकलून बोलणारा मुलगा म्हणूनच तिथे गोत्यात येतो. शेवटी गुणवत्ता यादी लागते तेव्हा आवक पुन्हा डोकं वर काढते, ते वेगळं.

(मागून एका मुलीनं विचारलं: सर, बाहेर बाकावर बसल्यावर शेजारच्याला मार्क विचारायचे की नाही?)

विचारलेस तर तो सांगेल, आणि पुढची वीस मिनिटं तू तुझी उत्तरं नाही, त्याचे आकडे घोळवत बसशील. मी तुझ्या जागी असतो तर विचारलं असतं, गाव कोणतं, गाडी वेळेवर आली का. आणि आत तो माझ्या आधी जाणार असेल, तर बाहेर येताना त्याचा चेहरा बघितला नसता. त्याचं चांगलं गेलं असेल तर माझी फूटपट्टी लांबली, इतकंच मला त्या चेहऱ्यावरून कळलं असतं, आणि ते कळून मी करणार काय होतो?