सिंधुदुर्गाच्या पाण्यात ‘तलवार’

बेळगाव, वडगाव. दिवाळी चार दिवसांवर आलीय. पोत्यांवर तांबड्या मातीचा चिखल थापला जातोय. या गल्लीत यंदा सिंधुदुर्ग. कुरटे बेट तयार आहे, भोवती निळा कागद अंथरून समुद्र केलाय, तटावर पेरलेली मोहरी उगवायला लागलीय.

आणि त्या समुद्रात, महाराजांच्या गलबतांशेजारी, हे करडं जहाज. प्लायवूडचं, हातभर लांब. भारतीय नौदलाची फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, आयएनएस तलवार.

हे करणारे हात नौदलातून निवृत्त झालेल्या माणसाचे. गल्लीतली पोरं त्यांना मामा म्हणतात. खरं जहाज १२४.८ मीटर लांब, भरल्या वजनानं सुमारे ४००० टन. रशियात सेंट पीटर्सबर्गला बांधलं आणि १८ जून २००३ ला नौदलात आलं. त्याआधी विमानवेधी क्षेपणास्त्रांच्या चाचण्या नीट होईनात, म्हणून ते बरेच महिने अडकून पडलं होतं. नौदलानं घाई केली नाही, हे महत्त्वाचं.

आता मामांचा कुंचला बघा. नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, १०० मिलिमीटरची तोफ. तिच्या मागे हा एकुलता हात. श्तिल नावाची विमानवेधी क्षेपणास्त्रं इथून सुटतात. हात सरळ उभा राहतो, खालच्या कोठीतून एक क्षेपणास्त्र त्याच्यावर चढतं, हात शत्रूच्या दिशेला वळतो, सोडतो आणि पुन्हा उभा राहतो. कोठीत २४.

‘मामा, सगळी एकदम का सोडत नाहीत ओ?’

‘हात एकच आहे की बाळा. नव्या जहाजात तो काढलाय. आता सगळी उभ्या नळ्यांत बसतात, थेट वर जातात.’

हाताच्या मागे डेकमध्ये बुडालेली ही आठ झाकणं. यांच्याखाली क्लब क्षेपणास्त्रं. जहाजावर मारा करणाऱ्या क्लबचा पल्ला २२० किलोमीटर. सरळ रेषेत बेळगावाहून सातारा गाठेल इतका. शेवटच्या टप्प्यात ते पाण्याला चिकटून, आवाजापेक्षा जास्त वेगानं जातं. पुढच्या तेग, तर्कश आणि त्रिकंड या जहाजांवर त्याच जागी ब्राह्मोस बसलं.

ही बारा नळ्यांची चक्री पाणबुडीवर रॉकेटं सोडायला. बाजूला टॉर्पेडोच्या नळ्या. आणि हॅंगरच्या दोन्ही अंगांना काष्तान; वरचं सगळं चुकवून जे आत शिरलं, त्याला अगदी जवळ आल्यावर तोफा आणि क्षेपणास्त्रं दोन्हींनी अडवणारी. किल्ल्यालाही असंच असतं. आधी पाणी, मग तट, मग बुरुज. पोरांना हे सांगावं लागलं नाही.

पिछाडीला हेलिकॉप्टरची मोकळी जागा. तिथला पांढरा गोल रंगवायला मामांनी अर्धा दिवस घेतला.

आमच्या भागात मुलगा फौजेत गेला म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीत, असं घराघरांत गृहीत असतं. रेजिमेंटचं केंद्र इथंच आहे, अभिमान आहेच. पण समुद्र दिसत नाही म्हणून नौदल सुचत नाही. चोर्ला घाट उतरला की समुद्रच आहे. सुचायला हवं.

तलवारनं पुष्कळ केलं. ५ मे २०२१ ला कोरोनाच्या लाटेत ती बहारीनहून प्रत्येकी २७ टनांच्या ऑक्सिजनच्या दोन टाक्या घेऊन आपल्याच राज्यात, नवमंगळूर बंदरात लागली. एप्रिल २०२४ मध्ये अरबी समुद्रात ९४० किलो अमली पदार्थ पकडले.

रात्र झाली. पणत्या लागल्या, किल्ला बघायला माणसं आलीत. माहिती सांगायची पाळी पाचवीतल्या या मुलीची. सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४, हे सांगून झालं. आता ती जहाजाकडे वळते आणि एका दमात तलवारच्या वर्गातल्या सगळ्या जहाजांची नावं घेते: तलवार, त्रिशूल, तबर, तेग, तर्कश, त्रिकंड, तुशिल, तमाल.

‘अजून दोन,’ मामा मागून म्हणतात.

‘त्रिपुट आणि तवस्या. त्या गोव्यात बांधल्या.’ त्रिपुट २३ जुलै २०२४ ला पाण्यात उतरली, तवस्या २२ मार्च २०२५ ला.

कागदाच्या कडेनं पाणी झिरपलंय. एक पोरगा घागर घेऊन येतो, मामा जहाज अलगद उचलून धरतात.