लॉगबुकातले तास आणि डोळ्यांतली झोप

नमस्कार श्रोतेहो.

बारावीचे निकाल लागले की बऱ्याच घरांत एक प्रश्न निघतो: पायलट व्हायला किती तास उडवावं लागतं? भारतात कमर्शियल पायलट लायसन्ससाठी 200 तास. अमेरिकेत प्रवासी विमानात को-पायलटच्या खुर्चीवर बसायचं तरी साधारण 1500 तास. दोनशे आणि दीड हजार! हा फरक कुठून आला? त्यासाठी एका रात्रीची हकिगत ऐकायला हवी.

तारीख 12 फेब्रुवारी 2009. न्यूअर्कहून बफेलोला जाणारं कोल्गन एअरचं 3407 क्रमांकाचं विमान. दोन पंख्यांचं डॅश 8, जेमतेम तासाभराचा प्रवास. बाहेर कडाक्याची थंडी आणि पंखांवर बर्फ धरेल असे ढग.

को-पायलट होती 24 वर्षांची मुलगी. तिचा बेस, म्हणजे जिथून ड्युटी सुरू होते ते ठिकाण, न्यूअर्क; अमेरिकेचा पूर्व किनारा. राहायची मात्र पश्चिमेला, सिएटलजवळ, आईवडिलांकडे. आदल्या संध्याकाळी ती तिथून निघाली. मालवाहू विमानाच्या जादा सीटवर बसून रात्री मेम्फिस, तिथून दुसऱ्या विमानानं पहाटे न्यूअर्क. दुपारी ड्युटी. मधल्या वेळात क्रू रूममधल्या सोफ्यावर जेवढा डोळा लागेल तेवढाच. आणि कॅप्टन? त्यानंही आदली रात्र त्याच क्रू रूममध्ये काढली होती. दोघांपैकी एकालाही पलंगावर नीट झोप मिळालेली नव्हती, हे लक्षात असू द्या.

आता कॉकपिटमध्ये या. डॅश 8 मध्ये एक छोटा स्विच असतो. पंखांवर बर्फ धरण्याची शक्यता असली की तो वाढीव वेगाकडे सरकवायचा. मग विमान वेग कमी झाल्याचा इशारा नेहमीपेक्षा लवकर देतं. त्या रात्री स्विच बर्फासाठी लावलेला होता, पण उतरण्याचा वेग धरला होता बर्फ नसतानाचा, 118 नॉट (नॉट हे विमानाच्या वेगाचं माप). दोन आकडे जुळत नव्हते आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दोघं गप्पा मारत होते. दहा हजार फुटांखाली कामाशिवाय बोलायचं नाही असा नियम असताना.

चाकं खाली आली, फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या, उचल वाढवणाऱ्या झडपा सुटल्या, वेग उतरत गेला. 131 नॉटला स्टिक शेकर सुरू झाला. स्टिक शेकर म्हणजे काय, तर हातातला सुकाणू-दांडाच खडखडा हलायला लागतो. डुलकी लागलेल्या माणसाला दंड धरून हलवावं तसा. अर्थ एकच: वेग संपत आलाय, नाक खाली करा, इंजिनाला पूर्ण ताकद द्या. खरी स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल तुटून विमान कोसळायला लागण्याची, वेळ अजून आली नव्हती, वीसएक नॉट हाताशी होते. पण कॅप्टननं दांडा पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढला. नाक वर गेलं, उरलासुरला वेगही गेला. मग यंत्रानं आपणहून नाक खाली ढकललं, तर कॅप्टननं पुन्हा ओढून धरलं. तेवढ्यात को-पायलटनं न सांगता फ्लॅप वर घेतले, म्हणजे पंखांची होती ती उचलही कमी झाली. पहिल्या खडखडाटापासून अर्ध्या मिनिटाच्या आत विमान क्लॅरेन्स सेंटर नावाच्या वस्तीतल्या एका घरावर पडलं. विमानातले 49 आणि घरातला एक, असे 50 जीव गेले.

चौकशीत निघालं की कॅप्टन आधी अनेक उड्डाण-परीक्षांत नापास झाला होता आणि सगळं नोकरीच्या अर्जात लिहिलेलं नव्हतं. थकव्याचा वाटा किती, हे तपासणाऱ्यांना नेमकं मोजता आलं नाही. थकवा होता, एवढं त्यांनी नोंदवलं. मृतांच्या कुटुंबीयांनी हा विषय सोडला नाही. त्यांच्या पाठपुराव्यातून 2010 मध्ये कायदा झाला आणि 2013 पासून को-पायलटलाही 1500 तास आले. लष्करी वैमानिकाला 750, विमानोड्डाणाची मान्य पदवी घेतलेल्याला 1000, अशी सवलत आहे.

आता नीट ऐका. त्या कॅप्टनकडे 3379 तास होते. को-पायलटकडे 2244. म्हणजे दोघंही 1500 च्या पुढे होते! पुन्हा सांगतो: त्या रात्री तास कमी पडले नव्हते. म्हणून माझ्या मते त्या कायद्यातून पुढे आलेला दुसरा नियम जास्त मोलाचा: 2014 पासून ड्युटीआधी सलग 10 तास विश्रांती, त्यात 8 तास झोपेची संधी. 1500 चा आकडा सगळ्यांना पाठ असतो, हा 10 चा कुणी विचारत नाही.

युरोपात तासांचा एवढा बाऊ नाही. तिथे दोनशेच्या आसपास तासांवर को-पायलट होता येतं, पण लेखी परीक्षा घाम काढते: 13 पेपर, प्रत्येकात 75 टक्के, एका पेपरला चारच संधी, आणि सगळं 18 महिन्यांत. शिवाय तिथे राहून काम करण्याचा कायदेशीर हक्क आधीच हवा. आखाती कंपन्या परदेशी वैमानिक घेतात, पगारावर आयकर नाही. पण राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो आणि अमिरातींमध्ये कामगार संघटनेला परवानगी नाही.

भारतात बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. जाता जाता बोलतो, आपल्याकडे हे भौतिकशास्त्र सीईटीच्या गुणांपुरतं शिकवतात आणि मुलं पुढे वैमानिक परीक्षेतल्या हवामानाच्या पेपरला अडखळतात. सह्याद्रीवर ढग का अडतात हे दाखवायला कोकणातल्या शाळेला तर फक्त खिडकी उघडावी लागेल! असो. डीजीसीए, म्हणजे आपल्याकडे विमान वाहतुकीचे नियम बघणारं सरकारी खातं, त्याच्या पेपरांना 70 टक्के लागतात, वायरलेसची परीक्षा वेगळी. 200 तासांतले 100 तास स्वतः कमांडमध्ये, म्हणजे विमानाची जबाबदारी आपल्याकडे असताना, हवेत. आपल्याकडे गोंदिया आणि बारामतीला ते करता येतात. अमेरिकेत करून आलात तर इथे पुन्हा पेपर देऊन लायसन्स बदलून घ्यावं लागतं. वर एअरबस किंवा एटीआर विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान उडवण्याची वेगळी पात्रता, बहुधा स्वखर्चानं.

झोपेचं म्हणाल तर आपल्याकडचे नियमही बदलले. आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 झाली आणि रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा आली. नोव्हेंबर 2025 मध्ये दुसरा टप्पा लागू झाला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण नव्या नियमांना पुरतील एवढे वैमानिक रोस्टरवर नव्हते. प्रवाशांचे हाल झाले, पण नियम योग्यच आहे असं मी ठामपणे म्हणतो.

नोकरीचा कागद हाती आला की पगाराआधी बेस कुठे ते बघा. त्या गावात भाड्यानं राहणं परवडेल का? बॉण्ड, म्हणजे कंपनी सोडणार नाही असा करार, किती वर्षांचा, मध्येच सोडलं तर किती रक्कम भरायची, आणि ती दर वर्षी कमी होते की नाही, हे लेखी घ्या. 2017 च्या नियमानुसार कॅप्टनला एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस आहे, तेही धरा.

आणि पालकहो, मेडिकल आधी, फी नंतर. आधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे क्लास टू ही पहिली वैद्यकीय तपासणी, मग मान्य केंद्रावर क्लास वन ही पुढची. जाण्याआधी कानातला मळ काढून घ्या, साखर आणि रक्तदाब बघून घ्या, रंग ओळखण्याची चाचणी आपल्या नेत्रतज्ज्ञाकडे करून घ्या. क्लास वनचा कागद हातात पडला, की मगच फ्लाइंग स्कूलचा पहिला हप्ता.