जुनी हार्ड डिस्क नव्या संगणकात: कोकणातल्या हवेत गेमिंगसाठी तिचा खरा उपयोग

नमस्कार. घरात नवा संगणक आला की जुन्यातली हार्ड डिस्क काढून त्यात बसवावी का, आणि बसवली तर तिच्यावरून गेम नीट चालतील का, हा प्रश्न रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे प्रेक्षक वारंवार विचारतात. माझे उत्तर असे आहे की डिस्क निरोगी असेल तर ती जरूर बसवावी, पण गेम साठवण्यासाठी. नवे, मोठे गेम चालवायचे ते एसएसडीवरूनच, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कवरूनच. भाताची कणगी माजघरात भरलेली असते आणि रोज लागणारे तांदूळ डब्यात काढून घेतलेले असतात, तशीच ही विभागणी आहे.

आधी वेगाचा हिशेब पाहू, कारण सगळे त्यावरच ठरते. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कच्या तबकडीला एक फेरा पूर्ण करायला सुमारे 8.3 मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती हेडखाली, म्हणजे ती वाचणाऱ्या टोकाखाली, येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, आणि हेड योग्य जागी सरकण्यात आणखी आठ-दहा मिलिसेकंद जातात. त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेले बारीक तुकडे वाचायचे असतील तर अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपासच तुकडे आणू शकते, आणि लॅपटॉपमधली 5400 फेऱ्यांची डिस्क त्याहून कमी. साटा केबलने जोडायची साधी एसएसडी हेच काम सेकंदाला हजारोंच्या संख्येने करते, कारण तिच्यात फिरणारे काहीच नाही. सलग एकच मोठी फाइल वाचायची असेल तर मात्र जुनी डिस्क इतकी वाईट नसते. सेकंदाला 100 एमबीच्या आसपास वेग ती सहज देते.

पूर्वीचे गेम हीच मर्यादा गृहीत धरून बनवले जात, कारण प्लेस्टेशन 4 मध्येसुद्धा 5400 फेऱ्यांची डिस्क होती. नोव्हेंबर 2020 मध्ये प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स हे एसएसडी घेऊनच बाजारात आले आणि गेम बनवणाऱ्यांचे गृहीतक बदलले. स्टारफील्ड आणि बाल्डर्स गेट 3 या 2023 च्या दोन्ही गेमच्या किमान गरजांमध्ये एसएसडी लिहिलेली आहे. असा गेम डिस्कवरून चालवला तर तो सुरू होईल, पण भिंतींवरचे चित्र उशिरा उमटेल, पात्र पळत असताना दृश्य अडखळेल, आणि दोष नसताना आपण ग्राफिक्स कार्डाला नावे ठेवू.

मग ही डिस्क ठेवायची कशाला? याचे उत्तर आपल्या इंटरनेटमध्ये आहे. आजचा मोठा गेम 100 जीबीचा असणे नवलाचे राहिलेले नाही. 20 एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला 20 मेगाबिट किंवा अडीच एमबीच्या, जोडणीवर तो उतरवायला, वेग एकदाही न पडता, अकरा तास लागतात. जिथे रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल डेटावरच भागवायचे, तिथे तो उतरवण्याचा विचारही करता येत नाही. तोच गेम जुन्या डिस्कवर ठेवलेला असेल तर एसएसडीवर यायला, सेकंदाला 100 एमबीच्या वेगाने, सतरा मिनिटे पुरतात. शहरात भरपूर वेगाचे इंटरनेट असलेल्या माणसाने जुनी डिस्क काढून टाकली तर त्याचे फारसे बिघडत नाही. गुहागर किंवा देवगडच्या एखाद्या वाडीत राहणाऱ्याने तसे करू नये, असे मला मनापासून वाटते.

आता डिस्कच्या तब्येतीकडे वळू. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण परदेशातले व्हिडिओ पाहून जी माहिती मिळते तिच्यात खाऱ्या हवेचा विचार नसतो.

(डिस्क उलटी धरून) ही 3.5 इंची डिस्क आहे. खालच्या बाजूला हिरवी किंवा निळी सर्किटची पाटी दिसते. चांदणीच्या आकाराच्या डोक्याचे हे स्क्रू त्याच मापाच्या पान्याने काढले की ही पाटी अलगद सुटते, आणि तिच्या आतल्या अंगाला हे छोटे धातूचे ठिपके दिसतात. तबकडी फिरवणारी मोटर आणि आतली हेडे यांचा पाटीशी संपर्क या ठिपक्यांमधूनच होतो. या ठिपक्यांवर पाहा, काळसर थर चढलेला आहे. समुद्रकाठच्या घरांमध्ये, विशेषतः पावसाळ्यात डिस्क उघड्या फळीवर पडून राहिली असेल, तर हा थर हमखास सापडतो. डिस्क मध्येच दिसेनाशी होणे, सुरू होताना पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहणे, ही लक्षणे पुष्कळदा यामुळेच असतात. शाळेतले साधे पांढरे खोडरबर घेऊन ठिपके हलक्या हाताने घासावेत, भुगा मऊ ब्रशने झटकावा, आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसावे आणि पूर्ण सुकल्यावरच पाटी परत बसवावी.

पाटी काढता येते म्हणून वरचे झाकण काढू नये. झाकणाखाली तबकडीवरून हेड इतके जवळून सरकते की धुळीचा एक कणही पृष्ठभागावर ओरखडा पाडायला पुरतो. झाकणावर ‘हे छिद्र झाकू नका’ अशी सूचना असलेले बारीक भोक असेल तर त्यावर चिकटपट्टी लावू नये. आतबाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेले असते आणि त्याला आतून गाळणी असते.

चिपळूण आणि खेडच्या प्रेक्षकांना वेगळे सांगायला हवे. 22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठी-जगबुडीचे पाणी ज्या संगणकांत शिरले, त्यांतल्या डिस्क वरून कोरड्या दिसल्या तरी त्यांना वीज देऊ नये. याच छिद्रातून गाळाचे पाणी आत गेलेले असू शकते. तिच्यावर फोटो किंवा हिशेब असतील तर ते काम माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराचे आहे; गेमसाठी तर अशी डिस्क वापरूच नये.

डिस्क जोडली की तिची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम उघडावा. वर निळ्या चौकटीत ‘गुड’ लिहिलेले पाहून थांबू नये, खालच्या यादीत उतरावे. 05 क्रमांकाची ओळ सांगते की किती खराब सेक्टर (माहिती साठवण्याचे तबकडीवरचे लहान कप्पे) बाजूला काढून त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरले गेले. सी5 ही ओळ वाचता येत नसलेले, पण अजून निकाल न लागलेले सेक्टर मोजते, आणि सी6 ही अजिबात न वाचता आलेले. या तिन्ही ओळींत शेवटचा आकडा शून्य असावा. आकडे हेक्साडेसिमल, म्हणजे दहाऐवजी सोळावर मोजण्याच्या, पद्धतीने दिसतात, त्यामुळे शेवटी 1 ए दिसले तर ते 26 आहेत हे लक्षात असू द्यावे. हजारो डिस्क चालवून त्यांची 2013 पासूनची आकडेवारी प्रसिद्ध करणारी बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनीदेखील बिघाडाची चाहूल घेताना याच तीन ओळींवर, आणि आणखी दोनांवर, लक्ष ठेवते. सी7 ही ओळ वाढत असेल तर मात्र डिस्कला दोष देण्याआधी केबल बदलून पाहावी.

05 मध्ये थोडा आकडा असून तो महिनोन्‌महिने स्थिर असेल, तर पुन्हा उतरवता येतील असे गेम ठेवायला ती डिस्क मी वापरेन. सी5 वाढत चालला असेल तर नाही.

जोडणी सोपी आहे. साटा ही जोडणीची पद्धत 2003 मध्ये आली, आणि तिची जवळजवळ कोणतीही डिस्क आजच्या मदरबोर्डला लागते, लॅपटॉपच्या 2.5 इंची डिस्कचे टोकही तेच असते. चाळीस पिनांच्या रुंद पट्टीची त्याआधीच्या पद्धतीची डिस्क असेल तर गेमसाठी तिच्यामागे लागू नये. डिस्क संगणकाला दिसलीच नाही तर मदरबोर्डची पुस्तिका उघडावी, कारण थेट मदरबोर्डच्या खाचेत बसणारी एम.2 एसएसडी लावल्यावर काही मदरबोर्डांवरचे एक-दोन साटा पोर्ट बंद होतात.

जुन्या डिस्कवरची विंडोज नव्या संगणकावर चालवण्याचा हट्ट धरू नये. तिचे ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, जुन्या मदरबोर्डचे असतात आणि संगणकासोबत आलेला परवानाही बहुधा त्या मदरबोर्डशीच बांधलेला असतो. नवी विंडोज एसएसडीवर टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवावी. ती जोडलेली राहिली तर संगणक सुरू करणाऱ्या फाइली कधीकधी तिच्यावर जाऊन बसतात, आणि पुढे ती डिस्क काढली की नवा संगणक सुरूच होत नाही.

फॉरमॅट करण्याची घाई मात्र नको. जुन्या खेळांची प्रगती ‘डॉक्युमेंट्स’, ‘सेव्ह्ड गेम्स’ आणि लपवलेल्या ‘ॲपडेटा’ या फोल्डरांमध्ये असते, आणि ती सगळी ऑनलाइन जपलेली असतेच असे नाही. जुन्या वापरकर्त्याचे फोल्डर उघडताना परवानगी नाकारली गेली तर ‘कंटिन्यू’ दाबून थोडे थांबावे. डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या बिटलॉकर या सोयीची कुलूपकिल्ली मागितली गेली तर ती मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधावी. गेम विकत घेऊन उतरवायच्या स्टीम या प्रोग्रामचे गेम जुन्या डिस्कवर आधीच असतील तर ते पुसूच नयेत. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’ या ठिकाणी त्या डिस्कवरचे जुने स्टीम फोल्डर जोडले की तो त्यातले गेम ओळखतो आणि केवळ राहिलेले अपडेट उतरवून घेतो.

पुढचा वापर असा करावा. खेळायचा गेम स्टीममधूनच, ‘मूव्ह इन्स्टॉल फोल्डर’ वापरून, एसएसडीवर हलवावा आणि संपल्यावर परत डिस्कवर पाठवावा. एक्सप्लोररमधून हाताने फोल्डर उचलले तर स्टीमच्या नोंदी चुकतात. 2015 मध्ये संगणकावर आलेल्या जीटीए 5 किंवा विचर 3 सारख्या गेमच्या तेव्हाच्या आवृत्त्यांना हलवण्याची गरज नाही. ते डिस्कवरून सुरू व्हायला वेळ घेतात, पण खेळताना त्रास देत नाहीत. काही गेमनी तर डिस्कवरचा शोध कमी व्हावा म्हणून एकच माहिती अनेकदा लिहून ठेवलेली असते. हेलडायव्हर्स 2 च्या निर्मात्यांनी 2025 च्या अखेरीस ती पुनरावृत्ती काढली, तेव्हा गेम सुमारे 150 जीबीवरून 23 जीबीपर्यंत खाली आला. अशा अपडेटनंतर गेम कोणत्या डिस्कवर ठेवायचा याचा नव्याने विचार करावा.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज येते-जाते, आणि गेम हलवला जात असताना ती गेली तर अर्धवट फाइली राहतात. हलवण्याचे काम यूपीएस असेल तेव्हाच, किंवा उघडीप पाहून करावे. तरी मध्येच वीज गेली तर स्टीममध्ये त्या गेमच्या फाइली तपासून घ्याव्यात, म्हणजे बिघडलेल्या तेवढ्याच पुन्हा उतरतात. जून ते सप्टेंबर डिस्क कॅबिनेटमध्येच राहू द्यावी आणि संगणक अधूनमधून तासभर चालू ठेवावा. आतली ऊब दमटपणा दूर ठेवते. बाहेर काढून ठेवायचीच असेल तर सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवावी, आणि परत जोडण्याआधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.

राहिली एक लहानशी सेटिंग. विंडोज काही वेळ न वापरलेली डिस्क आपोआप थांबवते, आणि डिस्कवरून चालणाऱ्या गेममध्ये ती पुन्हा फिरू लागेपर्यंत दृश्य काही सेकंद गोठते. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’ ही वेळ शून्य केली की हे गोठणे थांबते.