व्ही-क्यू स्कॅन नेमका कुठे चुकतो?

नमस्कार. व्ही-क्यू स्कॅनमध्ये फुफ्फुसाची दोन चित्रं काढतात: हवा कुठे पोचते आणि रक्त कुठे पोचतं. हवा आहे पण रक्त नाही, असा पाचरीच्या आकाराचा भाग दिसला की रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याची शंका घेतात. पण हे चित्र बरेचदा कॅमेरा सुरू व्हायच्या आधीच बिघडलेलं असतं.

रक्ताच्या चित्रासाठी टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी पदार्थ जोडलेले अल्ब्युमिनचे (रक्तातल्या एका प्रथिनाचे) कण शिरेतून देतात. कण बहुतेक १० ते ९० मायक्रॉनचे, त्यामुळे ते सिरिंजच्या तळाशी बसतात. टोचण्याआधी सिरिंज हळूच उलटसुलट करा. आणि सुई शिरेत आहे का हे बघायला रक्त मागे ओढू नका! सिरिंजमध्ये रक्त गोठलं की कण त्यालाच चिकटतात आणि फुफ्फुसात तीन-चार झगमगीत ठिपके उमटतात. मग बाकीचं फुफ्फुस उगाच फिकं दिसतं.

रुग्ण आडवा हवा. बसून टोचलं तर गुरुत्वाकर्षणामुळे कण खालच्या भागात जास्त जातात. तीन ते पाच श्वास होईपर्यंत सावकाश टोचा. प्रौढांना साधारण ४ लाख कण देतात. फुफ्फुसाचा रक्तदाब वाढलेला असेल तर १ ते २ लाख. फारच कमी दिले तर चित्र ठिपकेदार येतं आणि नसलेले दोष दिसू लागतात.

हवेच्या चित्रासाठी टेक्नेशियम श्वासातून देऊन ते आधी काढलं असेल, तर त्याच टेक्नेशियमचे किरण मागे उरलेले असतात. म्हणून हवेच्या चित्राचा काउंट-रेट (कॅमेऱ्यात दर सेकंदाला मोजले जाणारे किरण) लिहून ठेवा. रक्ताचा त्याच्या किमान तिप्पट-चौपट यायला हवा. नाहीतर रक्त न पोचलेली जागाही भरलेली वाटते, म्हणजे खरा दोषच झाकला जातो. श्वासनलिका अरुंद असतील तर श्वासातून दिलेल्या एरोसोलचे (बारीक फवाऱ्याचे) थेंब मधल्या नळ्यांतच साचतात. कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांचं टेक्नेगॅस तिथे बरं.

स्पेक्टसोबत (कॅमेरा रुग्णाभोवती फिरवून घेतलेल्या त्रिमितीय चित्रासोबत) सीटी काढताना मात्र एक सवय मोडावी लागते: ‘खोल श्वास घ्या, धरून ठेवा’. स्पेक्ट होत असताना रुग्ण कित्येक मिनिटं शांत श्वास घेत असतो. खोल श्वासात छाती आणि पोटामधला श्वासपडदा खाली सरकतो, यकृताच्या जागी सीटीला हवा दिसते आणि किरण किती शोषले गेले याचं गणित चुकतं. मग तळाचा भाग खोटाच फिका पडतो. सीटी शांत श्वासातच काढा आणि पडद्याची रेघ दोन्ही चित्रांत जुळते का, हे रुग्ण टेबलावरून उतरायच्या आत बघा.